उत्तर धुरा

सेहेचाळीस साली, दिवाळी आटोपल्यावर, इंझोरीच्या शाळेत जगाचा नवा छापील नकाशा आला. कापडावर चिकटवलेला, वर-खाली काळ्या दांड्या, आणि रंग तर असे की लुगड्यावर असते तर बाया भांडल्या असत्या. मास्तरांनी तो मोठ्या हौसेनं भिंतीवर टांगला. दुसऱ्या दिवशी पुंजाजी काठी टेकत शाळेत आला. सत्तरीचा म्हातारा, शाळेत एक दिवस शिकायला बसलेला नाही. पण त्यानं कपाळावर आडवा हात धरून नकाशा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि निकाल देऊन टाकला.

"मास्तर, हा मोजणीदार लबाड हाये."

मास्तर नवे होते, तरुण होते. त्यांना काही उमगेना.

"वरचा तो पांढरा देश पाहा. ग्रीनलंड. आफ्रिकेएवढा दाखोला! आमच्या वक्ताले तो हिंदुस्थानच्या निम्मा होता. बावीस वर्सांत एवढी जमीन त्याले कोनं देली? अन् उत्तर धुरा कुठी हाये? धुराच नाई याच्यात!"

"धुरा नाही बाबा, ध्रुव," मास्तरांनी सुधारून सांगितलं.

पुंजाजीला त्यांची कीव आली. वऱ्हाडात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, आणि इंझोरीत तिशीच्या पुढच्या कोणालाही विचारा, पृथ्वीला एक उत्तर धुरा आणि एक दक्षिण धुरा असतो असंच तो सांगेल. त्या लोकांचा यात काही दोष नाही. शाळेच्या अंगणात ज्या दिवशी सगळं जग पहिल्यांदा आखलं गेलं, त्या दिवशी आखणाऱ्यानं जे ऐकलं तेच गावात रूढ झालं. आखणारा पुंजाजी होता. आता ते अंगणही राहिलं नाही, तिथं शाळेची नवी खोली उभी राहिली. पण त्या बाजूला गेलं की पुंजाजीचे पाय अजूनही मनातल्या मनात समुद्र टाळून चालतात.

ती गोष्ट चोवीस सालची. त्या वर्षी माघात पुंजाजी आपल्या सख्ख्या भावावर वाशीमच्या कोर्टात दावा लावणार होता.

नानाजी त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. बाप गेला आणि बारा साली नानाजीनं पंचांना बसवून शेताची वाटणी केली. शेत तसं एकसलग, पण त्याची एक बाजू सडकेला लागून सरळ आणि दुसरी बाजू नाल्याच्या वळणावर. सडकेकडचा तुकडा चौकोनी, चारी बाजूंनी धुरे, पाटावर जेवायला बसावं तसा नीटनेटका. तो नानाजीनं स्वतःकडे ठेवला. नाल्याकडचा तुकडा पुंजाजीला दिला. वरच्या टोकाला चिमूटभर, मधे पोट सुटलेलं, खाली पुन्हा चिमूटभर, आणि सगळाच्या सगळा नाल्याकडे कललेला. पुंजाजीनं तो पाहिला आणि त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की मोठ्यानं धाकट्याला फसवलं. नानाजीनं दोर घेऊन चार दिवस मोजणी केली होती, पण पुंजाजीच्या लेखी ती सगळी सोंगं होती. वाकडी जमीन मोजता येते, हेच मुळी त्याला पटत नव्हतं.

खरं म्हणजे पुंजाजीला जमिनीपेक्षा जास्त लागलं ते नानाजीनं केलं याचं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. लहानपणी पेरणीला तिघं शेतात असायची. नानाजी तिफण धरायचा, माय चाड्यावर बियाण्याची मूठ धरायची, पुंजाजी बैलांच्या पुढे चालायचा. पुढे तो मोठा झाला तेव्हा तिफण नानाजीनंच त्याच्या हाती दिली, आणि पेरणीची ओळ, म्हणजे तास, सरळ कसा ओढायचा तेही त्यानंच शिकवलं. "बैलाकडे नोको पाहू, पायाकडे नोको पाहू. समोरच्या धुऱ्यावर एक झाड धर अन् त्याच्याकडे चालत जा." दुपारी बाभळीखाली माय दोघांना एकाच फडक्यावर भाकरी वाढायची. भाकर मोडताना मोठा तुकडा कोणाला गेला यावर भांडण झालं की ती म्हणायची, "तुकडा पाहू नोका, पोट पाहा." त्या भाकरीची चव पुंजाजीला पुढे कुठल्याच भाकरीत सापडली नाही, आणि त्याच्या बायकोला, गोजराबाईला, हे त्यानं दोनदा सांगून पाहिलं आणि दोन्ही वेळा त्याचं फळ भोगलं.

तर वाटणीत असं ठरलं होतं, की रिवाजाप्रमाणे माय धाकट्याकडे राहील. तुळसाबाई आपलं गाठोडं घेऊन पुंजाजीकडे आलीही. पण पहिल्या वर्षीची ज्वारी निघाली तेव्हा नानाजीच्या चौकोनी शेतातली रास डोळ्यांना मोठी दिसली, पुंजाजीचं डोकं फिरलं आणि तो मायला बोलून गेला, "ज्यानं जास्त जमीन ठेवली, त्यानं मायलेबी ठेवावं." माय काही बोलली नाही. तिनं गाठोडं उचललं आणि गल्लीच्या पल्याड नानाजीच्या घरी गेली. रागात माणूस बोलून जातो. सकाळी जाऊन घेऊन येऊ, असं त्यानं त्या दिवशी मनाशी म्हटलं होतं. सकाळ झाली, आणि मग दुसरी झाली. अशा सकाळी एकदा साचल्या की त्या उपसायला माणूस धजत नाही. नऊ वर्षं तुळसाबाई नानाजीकडे राहिली आणि एकवीस साली तिथंच गेली. पुंजाजीनं डोकं भादरलं, खांदा दिला, तेराव्याला पाटावर बसला, आणि भावाशी एक शब्द न बोलता घरी आला.

आणि आता वाशीमचे वकील सांगत होते, की वाटणीला बारा वर्षं पुरी होत आली. येत्या सोमवारी दावा दाखल झाला नाही तर हक्क बुडाला असं समजा. पुंजाजीनं सोमवारी जायचं ठरवलं. दावा लागला म्हणजे पुढच्या पिढ्यांनाही एकमेकांच्या दारात पाणी चालणार नाही, हे त्याला कळत होतं. गोजराबाईनं ते त्याला न कळण्यासारखं ठेवलंच नव्हतं.

"लावा दावा," ती म्हणाली. "भाऊ जिंकला तं भाऊ गेला, तुमी जिंकले तं भाऊ गेला. काहीबी झालं तं गेलेला भाऊच वाट्याले येईन."

याच आठवड्यात शाळेतले शालिग्राम मास्तर दारात येऊन उभे राहिले. शालिग्राम मास्तर म्हणजे अंगानं काडी, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की पहाड हलवणारा माणूस. शाळेचा जगाचा नकाशा वाळवीनं खाल्ला होता, पुढच्या महिन्यात तपासणीला साहेब येणार होते आणि नवा नकाशा मिळत नव्हता. मास्तर म्हणाले, न मिळो. आपण अंगणात काढू, जमिनीवर, छत्तीस हात लांब आणि अठरा हात उंच. सगळ्या पोट्ट्यांना त्याच्यावरून चालवू.

"मंग माह्यं काय काम?" पुंजाजीनं विचारलं.

"मले सतरा सरळ रेघा पाह्यजेत, पुंजाजीभाऊ. एकमेकींपासून बरोबर हात-हात अंतरावर. एक रेघ वाकली तं पृथ्वी बिघडते. पयले नानाजीकडे गेलतो. ते म्हणाले, माह्यी नजर गेली आता, मोतीबिंदू हाये. लहान्याले घेऊन जा. त्याच्यासारखा तास ओढणारा गावात नाई."

लहान्या. बारा वर्षांत तो शब्द पुंजाजीच्या कानावर आला नव्हता. त्यानं उगाच खोकल्यासारखं केलं आणि खुंट्या आणायला आत गेला.

बायांनी अंगण शेणानं सारवलं, ते चांगलं वाळलं, आणि बुधवारी सकाळी काम सुरू झालं. मास्तरांकडे एक मळका कागद होता. मास्तरकीच्या परीक्षेला शिकताना त्यांनी तो उतरवून घेतला होता. त्यात प्रत्येक रेघेची लांबी लिहिलेली होती. मधली रेघ विषुववृत्ताची, ती सगळ्यात लांब, छत्तीस हात. तिच्या वर आणि खाली रेघा कमी कमी होत जायच्या: साडेपस्तीस, पावणेचौतीस, सव्वाएकतीस. साठाव्या अंशावर बरोबर अठरा, म्हणजे निम्मी. आणि सगळ्यात शेवटची सव्वासहा.

उभी रेघ मात्र एकच सरळ असणार होती, अगदी मधली. ती कुठून न्यायची यावर मास्तरांनी विचार करून ठेवला होता. वाशीमच्या मध्यमेश्वराच्या देवळावरून जुन्या ज्योतिषांची मधली रेघ जाते, असं या भागात सगळेच मानतात. तेव्हा आपल्या जगाची मधली रेघही वाशीमवरून! शाळांच्या बोर्डाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

पुंजाजीनं खुंट्या ठोकल्या, दोर ताणले, चुन्याची फक्की सोडली. एक डोळा मिटून, समोरच्या भिंतीवर खूण धरून तो मागे मागे सरकायचा आणि मागे रेघ अशी उमटायची की मास्तर नुसते पाहत राहायचे. दुपारपर्यंत सतरा रेघा झाल्या. मग प्रत्येक रेघेचे छत्तीस सारखे भाग पाडून खुणा केल्या. लांब रेघेवर एक भाग हातभर आला, वरच्या रेघेवर जेमतेम चार बोटं. त्या खुणा वरपासून खालपर्यंत जोडत गेलं तसतशा उभ्या रेघा वाकत गेल्या, मधलीजवळ थोड्या आणि काठाला पार कमानीसारख्या. आडव्या सगळ्या सरळ, उभ्या सगळ्या वाकड्या. पुंजाजीला गंमत वाटली. वरच्या टोकाला, शेवटच्या रेघेच्या हातभर वर, मास्तरांनी चुन्याचा एक ठिपका दिला.

"हा उत्तर ध्रुव."

"धुरा? एवढासा?"

"एवढासाच. ठिपका. त्याले लांबीच नाई."

"बिनालांबीचा धुरा कसा होईन, मास्तर? बरं, त्याच्या पल्याड कोनाचं वावर हाये?"

"पल्याड कोणाचं काही नाई. तिथं पृथ्वी संपते."

"मंग तो धुराच नोव्हे," पुंजाजी ठामपणे म्हणाला. "पल्याड कोनी असलं तवाच धुरा होते. एकट्याच्या वावराले धुरा लागतच नाई."

मास्तर आधी हसले, मग हसायचे थांबले, आणि मग त्यांनी ते दुरुस्त करायचं सोडूनच दिलं. भोवती उभ्या पोट्ट्यांनी मात्र 'उत्तर धुरा' तेवढा बरोबर उचलला. पुढे तपासणीच्या दिवशी साहेबांनी विचारलं तेव्हा साऱ्या वर्गानं एका सुरात तेच उत्तर दिलं आणि मास्तरांचं तोंड पाहण्यासारखं झालं, पण तो वेगळा विषय.

गुरुवारी मास्तरांनी रेघांमधलं एकेक घर पाहून देश काढले. हिंदुस्थान मधे, ताठ, जसाच्या तसा. पण काठाकडे जावं तसे देश कलायला लागले. अमेरिकेचं तर फारच झालं. मधली रेघ वाशीमवरून नेल्यामुळे अमेरिका नेमकी काठावर पडली. अर्धी या अंगाला आणि अर्धी त्या अंगाला, मधे सगळं जग.

"अमेरिकेचीबी वाटणी झाली म्हणा की!" पुंजाजी म्हणाला. "अन् तीबी अशी तिरपी. हे पाहा, पार आडवं झालं बिचारं. याच्यातलं निम्मं रान गेलं असन."

"हातभर नाई गेलं."

"काहून? दिसते ना डोयानं."

"डोयानं वाकडं दिसते. कमी होणं येगळं, वाकडं होणं येगळं," मास्तर म्हणाले. पुंजाजीचा चेहरा पाहून त्यांना कळलं की हे याच्या पचनी पडलेलं नाही. त्यांनी पोट्ट्यांच्या वीस पाट्या मागवल्या आणि एकीवर एक अशी चळत रचली, अगदी सरळ. "ही आपली मधली जमीन. ताठ. पाट्या किती?"

"वीस."

मास्तरांनी चळतीला बाजूनं तळहात लावला आणि हळूच रेटलं. पाट्या एकीवरून एक जराजरा सरकल्या. चळत तिरपी झाली, पण पडली नाही.

"आता किती?"

पुंजाजी चळतीकडे पाहतच राहिला.

"ही नकाशाची सारी करामत हाये, पुंजाजीभाऊ. पाटी म्हणजे एक आडवी रेघ. दर रेघेची लांबी खरी ठेवली, अन् दोन रेघांमधलं अंतर सारखं ठेवलं, की मंग रेघ इकडे सरको नाईतर तिकडे सरको, जमीन कमी होत नाई. रूप बिघडते, माप बिघडत नाई. मोजणाऱ्यानं रेघांची लांबी पाहायची, कड पाहायची नाई."

"मंग आपलाच देश काहून सरळ?"

"मधली रेघ आपल्यावरून नेली म्हणून. अमेरिकेतला मास्तर नकाशा काढीन तवा ती त्याच्या शाळेवरून नेईन. मंग तो ताठ अन् आपली इंझोरी काठावर कललेली. जो काढते त्याचं घर मधात."

पुंजाजी बराच वेळ उकिडवा बसून होता. त्याला आपलं नाल्याकाठचं शेत दिसत होतं. वर चिमूटभर, मधे पोट, खाली चिमूटभर. बारा वर्षं त्यानं त्याची कड पाहिली होती. तास त्यानं हजारदा ओढले, पण मोजले कधीच नाहीत. आणि त्याला हेही आठवलं की वाटणीच्या वेळी नानाजी दोर घेऊन आडवाच चालत होता, पुन्हा पुन्हा, या धुऱ्यापासून नाल्याच्या काठापर्यंत. तेव्हा पुंजाजी बाभळीखाली बसून ते सोंग पाहत हसत होता.

शुक्रवारी सकाळी तो गोजराबाईला घेऊन शेतात गेला. बैल बांधायचा कासरा घेतला, वीस हातांचा. ज्वारी कापून खळ्यावर गेली होती, रान मोकळं होतं.

"हे टोक धर," तो म्हणाला.

"बारा वर्सांनी?" गोजराबाईनं कासऱ्याचं टोक हातात घेतलं. "लवकर सुचलं."

आधी नानाजीचं शेत. ते सोपं होतं. चौकोनी शेताची एक रेघ मोजली की सगळ्या मोजल्या. वीस कासरे भरले. दोन-दोन कासऱ्यांच्या अंतरानं अशा दहा रेघा बसत होत्या, म्हणजे दोनशे. मग आपलं शेत. त्याच अंतरानं, तशाच दहा रेघा, धुऱ्यापासून नाल्यापर्यंत. दर कासऱ्याला गोजराबाई एक खडा उचलून पदराच्या ओच्यात टाकायची. पहिली रेघ चार खड्यांची, आणि पुंजाजीला आपलंच खरं असल्यासारखं वाटलं. दुसरी अकरा. मग अठरा, पंचवीस, एकतीस. पोटातल्या रेघेला तेहतीस खडे पडले तेव्हा गोजराबाईचा ओचा लोंबायला लागला. पुढे बत्तीस, सत्तावीस, वीस आणि शेवटी अकरा.

बाभळीखाली बसून त्यांनी खडे मोजले. दोनशे बारा निघाले. पुन्हा मोजले. दोनशे बाराच.

"बारा जास्त," गोजराबाई म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

पुंजाजीला वाटलं, पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती अशी. कमी तर नाहीच, उलट जास्त. म्हणजे दादाची मोजणी चुकली असेल, तीही त्याच्या तोट्यात. आणि आपण सोमवारी त्याच्यावर दावा लावायला निघालो होतो. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठंतरी, खोटं कशाला बोला, आनंदही झाला. दादानं फसवलं नव्हतं. बारा वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलावा तसं झालं. त्याला धावत जाऊन सांगावंसं वाटलं, की दादा, तू चुकला होता, अन् मी त्याच्याहून जास्त चुकलो होतो. घे तुह्ये बारा परत.

तो तसाच उठला आणि सरळ नानाजीच्या खळ्यावर गेला. दुपारची वेळ होती. मळणी होऊन कणसांचा भुसा एका अंगाला पडला होता आणि नानाजी राशीजवळ घोंगडीवर बसला होता. केस पिकलेले, डोळ्यांवर पांढरी साय. तेराव्यालाही पुंजाजीनं त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. दादा म्हातारा झाला होता, आणि हे त्याला कोणी कळवलं नव्हतं.

"कोन?" नानाजीनं विचारलं.

"मी."

"मी कोन?"

"लहान्या."

नानाजीनं घोंगडीवर सरकून जागा केली आणि बाजूला हात थोपटला. पुंजाजी बसला.

"दादा, म्या वावर मोजलं. आडव्या रेघांनी. तू मोजलं तसंच."

"मंग?"

"माह्याकडे बारा कासरे जास्त निंघाले."

"निंघतीनच."

"म्हणजे मोजणी चुकली ना तुह्यी. तुह्या तोट्यात चुकली. मी ते बारा—"

"माह्यी मोजणी चुकत नसते बे," नानाजी म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तिफण शिकवतानाची जुनी जरब होती. "दोनशे तुह्ये, दोनशे माह्ये. वरचे बारा मायच्या भाकरीचे. ती तुह्याकडे राह्यणार होती ना."

पुंजाजीला आधी शब्दच कळले नाहीत. मग एकेक करून कळले.

"पंचाइतीत हे काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुह्यी वहिनी घरात जगू देती? म्या दोर धरला अन् दुसरं टोक मायनं धरलं. आमा दोघांलेच माहीत होतं."

"मायले माहीत होतं?"

"हो."

म्हणजे ज्या दिवशी तो मायला म्हणाला, ज्यानं जास्त जमीन ठेवली त्यानं मायलेही ठेवावं, त्या दिवशी तिला माहीत होतं की जास्त जमीन कोणाकडे आहे आणि कशासाठी आहे. आणि तिनं गाठोडं उचललं होतं. पुंजाजीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो रडत होता आणि त्याला ते थांबवता येत नव्हतं, थांबवायचंही नव्हतं. नऊ वर्षं तिचे तास त्यानं पेरले, कापले, खाल्ले. आणि ती भावाच्या वाट्यातली भाकर खात होती.

"मंग ती बोलली काहून नाई, दादा? एका शब्दानं बोलली असती तं मी—"

"म्याबी तेच म्हनलं होतं. म्हनलं, सांगतो त्याले. तं म्हने, नोको. सांगतलं तं तो मले न्यायले येईन, पण त्या बारा कासऱ्यांसाठी येईन. न सांगता आला तं मी जाईन." नानाजीनं राशीतली मूठभर ज्वारी उचलली आणि पुन्हा राशीतच सोडली. "वाट पाहे. सांजच्याले ओट्यावर बसे. समोर तुह्यं दार दिसे."

पुंजाजीनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"एक डाव तू आलता," नानाजी म्हणाला. "ती गेली त्याच्या मागच्या वर्सी. गल्लीतून धावत आला, सीधा आमच्या ओट्यापाशी. माय उठून उभी राह्यली. पदर सारखा केला तिनं. मले म्हने, नाना, आला रे तो."

"मले आठवत नाई," पुंजाजी म्हणाला. "मंग काय झालं?"

"मंग काय. तुह्या बैल सुटला होता. तू बैल धरला अन् गेला."